सगुणाबाईंनी निवडलेला हात

पूर्वेच्या कड्यांवर तांबडे फुटले, घोणसगडाच्या बुरुजांवरचे धुके खालच्या खोऱ्यात ओघळू लागले आणि नगारखान्यातली नौबत रोजच्यासारखी झडली. पण ज्यांच्या नावाने ती आजवर झडत आली, ते रायाजीराव देशमुख आता या जगात नव्हते. गडाच्या पायथ्याशी भैरोबाच्या देवळापुढे गोतसभा बसली होती. परगण्याचे पाटील, कुलकर्णी, जातभाई सारे जमले होते आणि मधोमध चुलाणावर कढईत तेल तापत होते.

कढईपाशी रायाजीरावांचे धाकटे बंधू हैबतराव उभे होते. रणात या माणसाने कधी पाठ दाखवली नव्हती. आज मात्र त्यांना समोर बघवत नव्हते.

थोडा दोष थोरल्या बंधूंचाही होता. निपुत्रिकाने आपल्या वतनाची व्यवस्था हातीपायी धड असतानाच गोतासमोर लावावी, चार साक्षी घ्याव्यात, हे शहाणपण रायाजीराव साऱ्या परगण्याला शिकवीत. स्वतःच्या घरी मात्र म्हणत, "सख्ख्या भावाच्या शब्दावर साक्षीदार बसवू? मग त्याला भाऊ कशाला म्हणायचे?" लोका सांगे ब्रह्मज्ञान! अखेरीस धाप लागली तेव्हा दालनात तिघेच होते: ते, त्यांच्या पत्नी सगुणाबाई आणि हैबतराव. रायाजीरावांनी भावाच्या उजव्या तळहातावर बेलभंडारा ठेवला. "वतन सगुणेच्या नावे चालेल. तिचे मन मानेल त्याला ती दत्तक घेईल. तू तिच्या पाठीशी उभा राहा." हैबतरावांनी मूठ मिटून शपथ घेतली. त्या घटकेला ती खरीच घेतली होती.

पण तेरावा उरकला आणि धाकट्या पातीचे, म्हणजे हैबतरावांच्या शाखेचे, लोक कानाशी लागले. जन्मभर दसऱ्याला पहिला मानाचा विडा थोरल्या पातीला आणि दुसरा आपल्याला. आता तो बाईच्या मागे उभे राहून घ्यायचा? उद्या कुण्या दत्तक पोराला मुजरा घालायचा? हे विष अंगात भिनले, आणि गोतसभेत हैबतराव बोलून गेले, "दादासाहेबांनी वतन माझ्या पदरात घातले."

सगुणाबाईंचा शब्द एक, दिरांचा दुसरा, आणि साक्षीला कोणी नाही. तेव्हा सभेने दिव्य ठरवले. कढत्या तेलातून धातूचा रवा, म्हणजे लहानसा तुकडा, हाताने काढायचा, हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची. नेमल्या दिवशी पिशवी उघडल्यावर हात शाबूत असला तर सगुणाबाईंचा दावा खरा, पोळलेला असला तर खोटा. बाईमाणसाने स्वतः रवा काढू नये, ती नाव घेईल त्याने तिच्या वतीने काढावा, असा त्या परगण्याचा रिवाज होता.

सभानाईक विसाजीपंत उठले. "बाईसाहेब, आपल्या वतीने हात कोण घालणार? नाव सांगावे."

सगुणाबाईंनी पदर सावरला. "हैबतराव."

सभेत एकच गलका उठला.

"बाईसाहेब, ते तर आपल्याविरुद्ध उभे आहेत!"

"रिवाजात मनाई असेल तर सांगावे, पंत. इकडून ज्या हातावर बेलभंडारा ठेवणं झालं, तो हात सगळं जाणतो. दुसरा हात मी कुठून आणू?"

मनाई नव्हती. असे कुणी आजवर केलेच नव्हते, मग मनाई कोण करणार?

धाकट्या पातीच्या मिशांत हसू फुटले. हात पोळला की वतन आपलेच! हैबतरावांनाही ते कळत होते. आईविना वाढणाऱ्या या दिराला पहिला घास याच वहिनीने नवी नवरी असताना भरवला होता. 'मी खोटे बोललो' एवढे म्हटले की संपले. पण चारचौघांत तेवढे म्हणण्यापेक्षा कढईत हात घालणे त्यांना सोपे वाटले, आणि याचीच त्यांना सर्वांत जास्त लाज वाटली.

त्यांनी अस्तनी सारली आणि हात घातला. रवा बाहेर पडला. त्यांनी किंकाळी दातांखाली दाबली. कारकून पिशवी घेऊन धावला, तोच सगुणाबाई पुढे आल्या. त्यांच्या हातात लोण्याची वाटी होती.

"फार भाजलं का हो, भावजी?"

हैबतराव त्या वाटीकडे पाहत राहिले. लोणी घरून आणले होते. म्हणजे हात पोळणार, वतन जाणार, हे धरूनच ही माउली गड उतरली होती. त्यांना ब्रह्मांड आठवले.

"पंत, पिशवी राहू द्या," ते ओरडले. "हात वहिनीसाहेबांच्या नावे घातला, पण आहे माझा. तो खोटारड्याचा हात आहे, म्हणून पोळला! दादासाहेबांनी वतन वहिनीसाहेबांना दिले. शपथ मी मोडली. मी!"

आणि भर सभेत तो रणगाजी गुडघ्यांवर बसून पोरासारखा रडला.

वतन सगुणाबाईंच्या नावे झाले. हैबतरावांना परगण्याबाहेर घालवावे, असे गोताचे मत पडले. सगुणाबाई म्हणाल्या, "ते माझ्या पाठीशी उभे राहतील. तशी आज्ञा झालेली आहे."

ते उभे राहिले. बाईंनी दत्तक घेतला, त्याला हैबतरावांनीच घोड्यावर बसायला शिकवले. दर दसऱ्याला पहिला विडा झाला की दुसऱ्यासाठी त्यांचे नाव पुकारले जाई. बोटे आखडलेली, म्हणून एकदा त्यांनी डावा हात पुढे केला.

"उजवा, भावजी," सगुणाबाई हळूच म्हणाल्या. आणि ती वाकडी बोटे विड्याभोवती मिटेपर्यंत भर दरबारात थांबून राहिल्या.

बाईसाहेबांनी दिराचा अपराध पोटात घातला, असे लोक अजून कौतुकाने सांगत. हैबतरावांना मात्र दर दसऱ्याला वाटे, त्या दिवशी गोताने आपल्याला हाकलले असते तर फार बरे झाले असते.