पाच नंबरच्या खोलीचं भाडं

हे खरं घडलं आहे. रोज पहाटे बुद्धापुढे उदबत्ती लावून पाठ झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. त्याच तोंडाने खोटं सांगायचं पाप मला नको.

आणि हे रात्रीचं नाही.

भर दुपारचं आहे.

बिएन्होआ शहराच्या कडेला, चपलांच्या कारखान्यामागच्या गल्लीत, गेल्या वर्षी सुरू झालं. दिएप ही माझी नणंद. वय छप्पन्न. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. पुढे तिचं स्वतःचं घर, मागे अंगण, आणि अंगणापलीकडे एका ओळीत भाड्याच्या सात खोल्या. त्या सात खोल्यांवर तिचं पोट. म्हणून भाडेकरू निवडताना ती भाजीवालीसारखी दहा वेळा उलटून पालटून बघायची.

नियम ठरलेले. एक महिन्याचं डिपॉझिट. भाडं बारा लाख दोंग, पाच तारखेला. (आमच्या नोटांवर शून्यं फार, दचकू नका.) आणि पाण्याचे माणशी ऐंशी हजार.

"पाहुणा तीन रात्रींच्या वर राहिला की त्याचंही डोकं मोजणार," ती बजावायची. "पाणी काय आभाळातून पडतं?"

"आभाळातूनच पडतं, मावशी!" एखादा पोरगा म्हणायचा.

"मग अंगणात तोंड वर करून आंघोळ कर. फुकट!"

पाच नंबरमध्ये लुआ आजी राहायची. लॉटरीची तिकिटं विकायची. डावा पाय ओढत चालायची. नऊ वर्षं राहिली, पण तिच्याकडे कधी कुणी आलं नाही. एकच दिवा जाळायची म्हणून दिएप तिच्याकडून विजेचे पैसे घेत नसे.

आजीची भाडं द्यायची रीत वेगळीच होती. पाच तारखेला, दुपारी, दिएप झोपलेली असताना यायची. तिला उठवायची नाही. बाहेरच्या खोलीत जमिनीलगत भूमिदेवाचं छोटं देवघर आहे. त्याच्यापुढे रोज कॉफीचा कप ठेवतात. त्या कपाखाली, जुन्या तिकिटात गुंडाळून, बारा लाख ऐंशी हजार ठेवायची. जाताना फाटकाच्या लोखंडी गजावर किल्लीने तीनदा वाजवायची.

टक... टक... टक.

म्हणजे भाडं भरलं.

सातव्या चांद्रमासाच्या, म्हणजे आमच्या पितरांच्या महिन्याच्या, आधी आजी गावी गेली. बेनचेला, नदीपलीकडे. "दहा दिवसांत येते गं," म्हणाली. खोलीला कुलूप लावून गेली.

दहाचे वीस झाले. वीसाचे पन्नास. फोन बंद. गावाचा पत्ता दिएपकडे नव्हता.

एक महिना डिपॉझिटमधून वळता झाला. दुसरा महिना भाड्याविना गेला. अशात कारखान्यातलं एक जोडपं आलं, खोई आणि मिएन. मिएनला सहावा महिना होता. त्यांना खोली लगेच हवी होती आणि डिपॉझिट हातात तयार होतं.

दिएपने मला बोलावलं. आम्ही दोघींनी मिळून कुलूप तोडलं.

खोली झाडून पुसून ठेवलेली. चटई गुंडाळलेली. भिंतीवर एक फळी, आणि फळीवर उदबत्तीच्या राखेचं चिनीमातीचं भांडं. बाकी देव नाही, फोटो नाही.

मी म्हटलं, "ताई, पितरांचा वास असतो यात, हे भांडं असं हलवू नका. उदबत्ती लावून आधी विचारा. मग देवळात नेऊन सोडू."

"वहिनी, पोरं संध्याकाळी सामान घेऊन येतायत. पोटुशी बाई दारात उभी ठेवू का? पौर्णिमेला नेऊ देवळात."

"तोवर ठेवणार कुठे?"

"माझ्याकडे. भूमिदेवाशेजारी. जागा आहे की."

मी गप्प बसले. माझा स्वभावच तसा. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दिएपने दोन्ही हातांनी भांडं उचललं, अंगण ओलांडलं आणि आपल्या घरात आणून ठेवलं.

न विचारता.

पौर्णिमा आली आणि गेली. कधी पाणी चढेना, कधी छत गळेना... दिएपला सवड झाली नाही.

मग दुपारी काहीतरी बदललं.

तिच्या भिंतीवर एक पाल होती, रोज दुपारी चुकचुकायची. एक दिवस चुकचुकायची थांबली. पंखा चालू असून त्याचा आवाज येईना. गल्लीतलं कुत्रं भुंकता भुंकता मध्येच गप्प झालं.

आणि त्या शांततेत...

रबरी चपलांचा आवाज. एक पाऊल नीट. दुसरं ओढलेलं.

सट्... सर्रर्र. सट्... सर्रर्र.

दिएपला वाटलं, पाच नंबरमधून येतोय. ती उठून अंगणात गेली. मिएन दारात बसून मटार सोलत होती.

"काय गं, खोलीत काही आवाज वगैरे येतो का?"

"नाही हो मावशी. इथं इतकी छान झोप लागते! खोई तर घोरतो. त्याचाच काय तो आवाज."

दिएप हसली. घराकडे वळली.

उंबऱ्यावर पाऊल ठेवलं आणि कानावर आलं...

सट्... सर्रर्र.

तिच्याच घरातून.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगणार कसं? घरमालकिणीच्या घरात काही आहे अशी कुजबुज सुरू झाली असती, तर संध्याकाळपर्यंत सातही खोल्यांना कुलपं लागली असती. मग खायचं काय?

पाच तारीख आली. दिएप पडून होती, डोळे मिटलेले. झोप नव्हतीच.

टक... टक... टक.

फाटकावर.

ती धावत बाहेर आली. फाटक बंद, आतून कडी. गल्ली उन्हात रिकामी.

भूमिदेवाच्या कपाखाली लॉटरीचं जुनं तिकीट होतं. त्यात पैसे. बारा लाख ऐंशी हजार.

मिएनने ठेवले असतील, असं तिने मनाला समजावलं. पैसे पेटीत टाकले आणि अंगणात हाक मारली, "मिएन, भाडं मिळालं गं."

"हो ना, मावशी! खोईने सकाळीच मोबाइलवरून पाठवलं. दोघांच्या पाण्यासकट. बघितलं नाहीत का?"

दिएपने फोन बघितला. पैसे आलेले होते.

चार दिवसांनी एक माणूस दारात आला. खांग नाव. लुआ आजीचा भाचा. भाड्याची एक जुनी पावती सापडली, तिच्यावरून पत्ता काढत आला होता.

"मावशी गेली," तो म्हणाला. "गावी आली आणि आठव्या दिवशीच. आधी कळवायला हवं होतं, पण तुमचं नाव कुणाला माहीत नव्हतं."

दिएप खाली बसली.

"शेवटी एकच सांगत होती. 'माझी खोली कुणाला देऊ नका म्हणावं, मी भाडं भरीन.' आम्हाला वाटलं, तापात बरळतेय."

"तिची... किल्ली?" दिएपने विचारलं.

"मुठीत होती. मूठ सुटेना. शेवटी तशीच पुरली."

त्या दिवशी दिएपने मला सगळं सांगितलं. माझा हात तिने सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाठ करून, शाकाहारी नैवेद्य घेऊन गेले. आजीच्या भांड्यापुढे उदबत्ती लावली. बशीत दोन नाणी घेतली. विचारायची आमची हीच रीत. एक छापा, एक काटा पडला तर होकार. दोन्ही सारखी पडली तर नकार.

दिएपने हात जोडले. "आजी, चूक झाली. न विचारता हलवलं. तुम्हाला देवळात पोचवू का? तिथे रोज पाठ असतो."

नाणी पडली. दोन्ही छापा.

"आजी, गावी नेऊ का? नदीकाठी?"

दोन्ही काटा.

"परत पाच नंबरमध्ये यायचंय का? त्या पोरांना मी दुसरी खोली देते."

दोन्ही छापा.

दिएपचा आवाज बारीक झाला. "मग... इथेच राहायचंय? माझ्याकडे?"

एक नाणं पडलं, छापा. दुसरं बशीत गरगरत राहिलं... गरगरत राहिलं...

काटा.

पहिलं भाडं दिएपने देवळाच्या पेटीत टाकलं. पुढच्या पाच तारखेला ठरवलं, पैशाला हातच लावायचा नाही. घेतलं की भाडेकरू मान्य केल्यासारखं होतं.

पैसे कपाखाली तसेच राहिले.

सहा तारखेला दुपारी फाटक वाजलं. सातला वाजलं. आठला इतक्या जोरात वाजलं की चार नंबरमधला पोरगा विचारायला आला, "मावशी, वसुलीवाला आलाय का कुणी?"

दिएपने पैसे उचलले. फाटक शांत झालं.

तेव्हापासून ती दर महिन्याला उचलते. त्यातला एक दोंगही घरात खर्चत नाही. मिएनला मुलगा झाला तेव्हा त्यातूनच पाळणा आणला. बाळ सुखरूप आहे, गुटगुटीत आहे. आम्ही दोघींनीही म्हटलं, चला, आजीचा राग नाही.

आम्हाला वाटलं, संपलं.

मागच्या महिन्यात मिएन बाळाला घेऊन अंगणात ऊन दाखवत होती. सहज म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे पाहुण्या आल्यात वाटतं. दुपारी दोघींचं बोलणं ऐकू येतं."

दिएपने तोंडावर काही दिसू दिलं नाही. "हो गं. आल्यात."

"आठवडा झाला की! मग तुम्हालाही नियम लागू," मिएन हसत म्हणाली. "तीन रात्रींच्या वर राहिलं की डोकं मोजणार ना?"

परवा पाच तारीख होती. दुपारी दिएपचा फोन आला.

"वहिनी... भाडं आलं."

"बरं."

"तीनदा मोजले. तेरा लाख साठ हजार आहेत."

मी मनात हिशोब केला. बोलले नाही. माझा स्वभावच तसा.

ती पुटपुटली, "ऐंशी हजार जास्त."

लुआ आजीने नऊ वर्षांत भाड्यात कधी चूक केली नाही. आणि नऊ वर्षांत तिच्याकडे कधी कुणी आलं नव्हतं.

उद्या पौर्णिमा. मी नेमाने दिएपकडे जेवायला जाते. उद्याही जाणार, नेम मोडणार नाही. तिने नाणी काढून ठेवली आहेत. दुसरं कोण, ते विचारायचं म्हणते.

पण नाणी फक्त हो किंवा नाही सांगतात. म्हणजे एकेक नाव आपल्यालाच घ्यावं लागणार.

आणि घ्यायचं ठरवलं की पहिलं नाव लांब गेलेल्या लेकीचं, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे; तिला फोन लावून बघायचं धाडस मात्र कुणालाच होत नाही...