शिंत्र्यांच्या घराचा विस्कट

विस्कटमापकानं तिसऱ्यांदाही तोच आकडा दाखवला तेव्हा डॉ. रणधीर इंगवले यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोर बसलेल्या बाईंकडे बघायचं त्यांनी टाळलं. कोल्हापूरच्या चित्रसत्यता प्रयोगशाळेचे ते प्रमुख. आजवर शेकडो माणसांना त्यांनी असे आकडे सांगितले होते, पण ती माणसं ओळखीची नसायची.

"किती आला?" हेमलता शिंत्रे यांनी विचारलं.

"शून्य पूर्णांक तीन."

"म्हणजे खोटं."

"म्हणजे मांडलेलं. खोटं हा शब्द यंत्राचा नाही, ताई, कोर्टाचा आहे."

"जळो मेलं ते यंत्र! माझी पोरगी जन्मभरासाठी आत जाईल त्यानं. शब्द कुणाचा का असेना!"

हे यंत्र निम्मं या बाईंचंच होतं.

हेमलताबाईंनी चौतीस वर्षं मालिका आणि सिनेमांच्या सेटवर कंटिन्युइटी सांभाळली. हे काम बघणाऱ्याला दिसत नाही, चुकलं की मात्र सगळ्या गावाला दिसतं. नायिका दारातून आत येताना वेणी पुढे असेल तर सोफ्यावर बसतानाही ती पुढेच हवी. आरतीचं निरांजन एका शॉटमध्ये विझत आलेलं आणि पुढच्या शॉटमध्ये तुपानं काठोकाठ भरलेलं, असं चालत नाही. बाईंची नजर इतकी तयार झाली होती की दुसऱ्यांच्या चुका बघण्यातच त्यांची सुट्टी जायची. इंग्रजांच्या काळातल्या लग्नात मांडवात प्लास्टिकची खुर्ची! नवऱ्यामुलाच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण, तोही एकदा डाव्या दंडावर, एकदा उजव्या! त्यांच्याशेजारी बसून मालिका बघणं ही घरच्यांना शिक्षाच होती. या सगळ्या चुका त्यांनी तारीखवार वह्यांत उतरवल्या होत्या. ब्याण्णव वह्या भरल्या होत्या.

आठ वर्षांपूर्वी कोर्टकचेऱ्यांत कृतचित्रांचा सुळसुळाट झाला. कृतचित्र म्हणजे संगणकानं बनवलेलं, पण हुबेहूब खऱ्यासारखं दिसणारं चलच्चित्र. कुणीही उठावं आणि कुणालाही खून करताना दाखवावं, अशी पाळी आली. खरं कोणतं आणि खोटं कोणतं हे ठरवायची युक्ती इंगवल्यांना सापडली ती या वह्यांतून.

"परवा कोर्टात हे मला समजावून सांगायचंय," इंगवले आता म्हणाले. "आधी तुमच्यापुढे सांगून बघतो. कुठं फट सापडली तर धरा मला."

"सांगा. मी अडाणी आहे असं समजून सांगा."

"खऱ्या घरात वस्तू विस्कटत जातात. पाण्याचा पेला उचलला, प्यायला आणि ठेवला, की तो पुन्हा नेमका त्याच जागी बसत नाही. दोन बोटं तरी सरकतो. त्यातलं पाणी कमी होतं. पेपरची घडी मोडते. असं दिवसभर साठत जातं, त्याला आपण विस्कट म्हणतो. साधारण घराचा विस्कट दिवसाकाठी चाळीस ते सत्तर असतो. सिनेमात मात्र एकच प्रसंग पाच वेळा घेतात आणि दर वेळी सगळं पहिल्यासारखं मांडतात. त्यामुळे विस्कट साठतच नाही. आणि कृतचित्रं करणारी यंत्रं सिनेमे आणि मालिका बघूनच शिकली आहेत. तीही वस्तू पुन्हा जागेवर आणून ठेवतात."

"पेला आपोआप भरतो, ती चूक."

"तीच. आकडा दहाच्या खाली गेला की पुरावा बाद. तुमच्या चित्राचा आकडा तर शून्याला टेकलाय."

चित्र होतं बाईंच्या यजमानांच्या खोलीतलं. विश्रामराव शिंत्रे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा चालायचा. पलंगाशेजारी एक टेबल होतं, त्यावर तांब्या, पेला, चष्मा, पेपर आणि औषधाची डबी. पायथ्याशी कॅमेरा होता. तो सलग चालायचा नाही. विश्रामराव उठून बसले की जागा व्हायचा, दोन मिनिटं टिपायचा आणि पुन्हा झोपायचा. ते गेले त्या बुधवारी त्यानं सतरा तुकडे टिपले होते. चौदाव्या तुकड्यात, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, ते उशीखालून झोपेच्या गोळ्यांची पाकिटं काढतात, दातांनी फोडतात आणि एकेक करून सगळ्या गोळ्या गिळतात. खोलीत दुसरं कुणीही नाही.

पोलिसांनी पकडलं मुलीला, मृण्मयीला. गोळ्या तिनं विकत आणलेल्या होत्या. मैत्रिणीला तिनं लिहिलं होतं, 'बाबांचे हाल बघवत नाहीत, देवानं सोडवावं त्यांना.' एवढं पुरलं. तिला वाचवू शकत होता तो फक्त चौदावा तुकडा. आणि यंत्र म्हणत होतं की सतराच्या सतरा तुकड्यांच्या सुरुवातीला पेला एकाच जागी आहे, पाणी एकाच रेघेपर्यंत आहे, चष्म्याच्या काड्या एकाच कोनात मिटलेल्या आहेत. सरकारी वकिलांनी तर भर कोर्टात विचारलं होतं, "घरात कंटिन्युइटीवाली बाई असताना असं चित्र मांडायला कितीसा वेळ लागतो?"

हेमलताबाई आकड्याकडे बघत राहिल्या. मग एकदम ताडकन उठल्या.

"अहो डॉक्टर, ती माझी खोड आहे! चौतीस वर्षांची सवय, हाताला लागलेली. त्या बुधवारी मी घरातच होते. येताजाता टेबलावरचं नीट करत असणार. कॅमेरा झोपलेला असताना करत असणार. माझं घर विस्कटतच नाही, कारण मी विस्कटू देत नाही!"

इंगवल्यांनाही हुरूप आला. कायद्यात तशी सोय होती. एखाद्या घराची रीतच वेगळी असेल तर गृहविस्कट चाचणी मागता येत असे. घरात मोहोरबंद कॅमेरे चाळीस दिवस ठेवायचे, त्यातले कोणतेही सात दिवस कोर्टानं निवडायचे आणि ते कोणते हे घरच्यांना कळू द्यायचं नाही. त्या घराचा नेहमीचा विस्कटच शून्याजवळ निघाला तर पुरावा ग्राह्य.

"फक्त एक आहे," इंगवले म्हणाले. "निकाल कसाही आला तरी तो कोर्टात जाणार. मागे घेता येत नाही. आणि ही सवय तुमची आहे असं शपथेवर लिहून द्यावं लागेल. उलटा आला तर..."

"कसा येईल उलटा? माझं घर मला माहीत नाही होय?"

शपथपत्रावर त्यांनी त्याच दिवशी सही केली. तुरुंगातल्या भेटीत काचेपलीकडच्या मृण्मयीला त्या एवढंच म्हणाल्या, "घराची चाचणी आहे. काळजी करू नकोस, सुटलीस तू." दहा मिनिटांच्या भेटीत कोर्टाचं काय काय सांगणार?

चाळीस दिवस बाई त्या खोलीत राहिल्या. नियमाप्रमाणे त्याच टेबलावर तीच भांडी वापरली, त्याच पेल्यातून पाणी प्यायल्या, तिथेच बसून पेपर वाचला. मुद्दाम काही करायचं नाही, नेहमीसारखं वागायचं, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. खरं सांगायचं तर त्या चाळीस दिवसांत त्यांना दोन घास गोड लागले. पोर घरी येणार, या आशेवर त्यांनी तिची खोलीसुद्धा झाडून घेतली.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी इंगवल्यांनी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. चहा आला, तो कुणीच घेतला नाही.

"बासष्ट," इंगवले म्हणाले.

"काय बासष्ट?"

"तुमच्या घराचा विस्कट. चारचौघांच्या घरासारखा."

"शक्य नाही. दाखवा मला."

त्यांनी पडदा लावला. हेमलताबाईंना पडद्यावर एक थकलेली बाई दिसली. तिनं पाणी पिऊन पेला पेपरवरच ठेवला. दुसऱ्या तुकड्यात तो टेबलाच्या कडेला होता, तिसऱ्यात चक्क जमिनीवर. चष्मा उघडाच, काचा खाली. औषधाची डबी तर दोन दिवस पलंगावर लोळत होती. बाईंनी चूक शोधायला सुरुवात केली आणि चूक दर तुकड्यात सापडत गेली.

"पण मी ठेवते हो जागेवर! रोज ठेवते! मला आठवतंय ना!"

इंगवल्यांनी पडदा बंद केला. मग त्यांनी हळूच विचारलं, "ताई, सेटवर वस्तू जागेवर कोण ठेवायचं?"

"आर्टवाले ठेवायचे. कंटिन्युइटीवालीनं वस्तूला हात लावायचा नसतो, तो नियमच आहे आमचा. हात लावला की उद्या चुकलं तर आपल्या अंगावर येतं. आपण फोटो बघायचा आणि सांगायचं, पेला दोन बोटं डावीकडे, चष्मा मिटा..."

त्या थांबल्या.

"आणि घरी?"

घरी छत्तीस वर्षं त्यांनी दारातून आत येता येता हेच केलं होतं. 'हे इथं का?' 'ते तिथलं कुणी हलवलं?' आणि बघता बघता सगळं जागच्या जागी व्हायचं. कोण करायचं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. त्या बारा-चौदा तास सेटवर असायच्या, घर विश्रामराव बघायचे. आजारपणातही खोलीत पाऊल टाकावं तर सगळं कसं चोख! बाईंना वाटायचं, ही आपली शिस्त. आणि तो माणूस एका डाव्या हातानं तांब्या उचलून पेला पुन्हा रेघेपर्यंत भरत होता, चष्मा छातीवर धरून मिटत होता, पेपर ओढून सरळ करत होता. कॅमेरा झोपल्यावर, पडल्यापडल्या, हळूहळू. गोळ्या घेतल्यावरसुद्धा त्यानं पेला भरून ठेवला होता.

बाईंनी तोंडावर पदर दाबला आणि त्या ओक्साबोक्शी रडल्या. इंगवले खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"मग हेच सांगू या," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "माझी नाही, त्यांची सवय होती. मी चुकले म्हणून सांगते. हात जोडते कोर्टापुढे."

"शपथेवर तुम्ही वेगळंच लिहून दिलंय, ताई. आणि कोर्ट मोजलेलं मानतं. जो माणूस गेला त्याची सवय आता कशी मोजू?"

"जुनी चित्रं आहेत की घरी! मृणूच्या बारशापासूनची आहेत. त्यात दिसतील ते वस्तू ठेवताना."

इंगवले वळले. त्यांचा चेहरा उतरला होता. "ती चित्रं खरी आहेत हे आधी सिद्ध करावं लागेल. त्यासाठी त्यांचा विस्कट मोजावा लागेल. आणि विश्रामराव ज्या घरात होते, त्या घराचा विस्कट शून्यच येणार. माझ्या कायद्यानं तुमच्या यजमानांचं प्रत्येक चित्र खोटं आहे. ते या घरात होते हेसुद्धा मला सिद्ध करता येणार नाही."

थोड्या वेळानं ते खुर्चीत बसले आणि स्वतःशीच म्हणाले, "अशी टापटीप ठेवणारी माणसं आणखी किती असतील? आणि त्यातली किती मी आत घातली?" दुसऱ्या दिवशी निकाल कोर्टात गेला. निकाल मागे घेता येत नाही, हा नियम त्यांनीच लिहिला होता.

पुढचं सगळं भराभर आणि कागदोपत्रीच झालं; मृण्मयीला फक्त शिक्षेच्या दिवशी कोर्टात आणलं. शिंत्र्यांचं घर इतर घरांसारखंच विस्कटतं हे आता खुद्द बचाव पक्षाच्या चाचणीनं सिद्ध झालं होतं. तेव्हा ते सतरा तुकडे त्या घरातले असूच शकत नव्हते. पुरावा बाद झाला, शिवाय खोटा पुरावा उभा केल्याचा ठपका बसला. मृण्मयीला जन्मठेप झाली. शिक्षा ऐकताना ती आईकडे बघत होती आणि आई मान वर करू शकत नव्हती.

पंधरा दिवसांनी भेट मिळाली. मध्ये काच होती. हेमलताबाईंनी फोन कानाला लावला आणि चाचणीचं सगळं सांगून टाकलं, शपथपत्रापासून बासष्टपर्यंत.

मृण्मयी काचेजवळ सरकली. मग म्हणाली, "आई, तू त्यांना सांगितलंस की ते तू करतेस?"

"मला तसंच वाटत होतं गं."

"बाबा करायचे. माझ्या लहानपणापासून बघतेय मी. तुझी गाडी फाटकाशी वाजली की आधी सगळं जागेवर लावायचे. पुढं पुढं तर कधीही येशील म्हणून लगेच लावून ठेवायचे. मी एकदा विचारलं होतं, कशाला एवढा आटापिटा? तर म्हणाले, काही हललेलं दिसलं की तुझ्या आईची नजर तिथंच अडकते. सगळं जागच्या जागी असलं तर ती माझ्याकडे बघते."

हेमलताबाईंनी काचेला हात टेकला. "तू आधी का नाही सांगितलंस मला?"

"तुला माहीत नसेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, आई. तुला सगळं दिसतं."

भेटीची चार मिनिटं उरली होती. हेमलताबाई मुलीकडे नुसत्या बघत राहिल्या. मृण्मयीच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. ते इथं आल्यावर झाले की आधीपासूनच होते, हे त्यांना काही केल्या सांगता येईना.