तीन हजारांच्या आत

रिमझिम पावसात, ऐन सिग्नलला माझी गाडी आचके देऊन बंद पडली, आणि समोरच्या गॅरेजमधला मेकॅनिक हात पुसत, भिजत आला. बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिला.

"कोण चालवतं ही?"

"मीच."

"वाटलंच."

"का? बाई दिसली म्हणून?"

"नाही हो... हे प्लग बघा. नुसती काजळी! मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत फिरणारं इंजिन हे. सहाच्या पुढे त्याला कंठ फुटतो. तुम्ही तीनच्या वर नेतच नाही. जपून जपून आजारी पाडलीत हिला."

गाडी नवऱ्याची. बसकी, लाल, दोनच सीटची. माझ्याहून चारच वर्षांनी लहान. "निघालोय" असा फोन करून तो ऑफिसच्या जिन्यात कोसळला, परत आलाच नाही. तेव्हा लेक सात महिन्यांची होती. तेव्हापासून मी दूध दोनदा उकळते, दाराची कडी तीनदा बघते, आणि काटा तीन हजारांवर आला की गिअर बदलते. मला काही झालं तर तिचं कोण?

मेकॅनिकनं प्लग साफ करून दिले. "आता जरा पळवा हं."

नाही पळवली. महिन्याभरात परत गेले. मग पुन्हा. चौथ्या खेपेला त्यानं काळाकुट्ट प्लग बोटांत फिरवला, माझ्याकडे बघितलं...

"या वेळी मुद्दाम ना?"

मी छत्रीच्या दांड्याकडे बघत राहिले. "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटायला लागलंय — तोच तर घोटाळा झालाय."

मग त्याचं हसू विझलं. गॅरेजची जागा गेली होती. रविवारी तो दुसऱ्या शहरात निघणार होता. "जायच्या आधी एकदा हिचा खरा आवाज ऐकवा. चालवायचं तुम्हीच."

लेकीला सासूबाईंकडे ठेवलं. तिची छोटी खुर्ची शेजारच्या सीटवरून सोडवली, आणि तिथं तो बसला, गुडघे पोटाशी घेऊन. शहराबाहेरचा सरळ, रिकामा रस्ता. तीन हजार... माझा हात सवयीनं गिअरकडे गेला.

"थांबा ना..."

चार. पाच. इंजिन नुसतं कुरकुरत होतं. सहा — आणि त्याचा सूरच पालटला! पाठ सीटला चिकटली, तो आवाज छातीतून आरपार गेला. आठ हजारांवर मी ओरडले, हसले... आणि रडायला कधी लागले ते कळलंच नाही.

गाडी कडेला घेतली. काचा धुरकटल्या होत्या.

"एक विचारायचंय," तो म्हणाला.

"नका विचारू. मी हो म्हणेन — आणि मग रोज संध्याकाळी तुम्हाला यायला पाच मिनिटं उशीर झाला, की जीव मुठीत घेऊन बसेन."

त्यानं नुसती मान हलवली.

त्यानं विचारलं नाही.

इतकंही ऐकायचं नसतं हो, कोणी कोणाचं...