बाबांची चाहूल

हे खरं घडलेलं आहे. पटवून घ्या म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. भुताखेतांचं ऐकलं की मी स्वतःच आधी फ्यूज तपासायला सांगायचो.

आणि यात अमावस्या, मध्यरात्र असलं काही नाही. रविवार होता. भर दुपार. शेजाऱ्यांचं गाडी धुणं चाललं होतं.

जागा म्हणाल तर आमच्याच घराची पुढची खोली. तिथे माझं दुरुस्तीचं दुकान आहे. जुने रेडिओ, टेप, गेमचे कन्सोल, ज्याला कुणी हात लावत नाही ते माझ्याकडे येतं.

त्या दुपारी बाबा आतून दादाचा कन्सोल घेऊन आले. करडा, सीडीवर चालणारा, झाकणावर धूळ.

"नीट कर," म्हणाले. "एकदा बघतो, काय खेळायचा ते."

दादा माझा मोठा भाऊ. त्याला जाऊन काही वर्षं झाली. तो होता तेव्हा बाबांनी त्याला 'खायला काळ, भुईला भार' याशिवाय काही म्हटलं नाही. छातीत दुखतंय म्हणाला, तर बाबा म्हणाले, बसून बसून दुखतंय, कामावर जा. तो गेला. कामावरूनच त्याला हॉस्पिटलात नेलं, आणि तिथून तो परत आला नाही. आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगतात, काय डोकं होतं पोराला. मेल्या म्हशीला मणभर दूध.

मला राग होता. अजून आहे.

पण बाबांना काचबिंदू झाला होता. नजर कडांकडून काळी होत चालली होती. गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ती पूर्ण जायच्या आत त्यांना मुलाचा खेळ बघायचा होता. वरातीमागून घोडं, पण नाही कसं म्हणणार?

मी कन्सोल उघडला. आत दादाचीच सीडी होती.

चालू केला की ती थोडी फिरायची, मग कट्... कट्... आणि थांबायची. दुखणं ओळखीचं होतं. सीडी वाचणारी लेन्स प्लास्टिकच्या पट्टीवर सरकते. पट्टी झिजली की लेन्स कलते आणि सीडी तिला वाचता येत नाही. म्हणून तेव्हा पोरं अख्खा कन्सोल उलटा ठेवून खेळायची. भार दुसऱ्या बाजूला पडला की लेन्स सरळ. दादाही तसाच खेळायचा.

मी जुगाड केला नाही. पट्टीसकट नवी लेन्स बसवली, ग्रीस लावलं. सीडी गरगर फिरली. टीव्हीवर गेमचं संगीत सुरू झालं. कन्सोल टेबलावर सरळ ठेवून मी बाबांना हाक मारायला आत गेलो.

परत आलो तर...

कन्सोल उलटा होता.

दुकानात कुणी नव्हतं. रस्त्याकडचं दार मीच आतून लावलेलं. संगीत चालूच होतं.

मागून बाबांच्या चपला वाजल्या. त्यांनी उंबरठ्यावर पाय ठेवला आणि...

कट्.

सीडी थांबली. पडदा काळा.

"जमत नसेल तर तसं सांग," बाबा म्हणाले आणि चिडून आत गेले.

ते गेले, आणि सीडी... आपोआप फिरायला लागली.

आमच्या धंद्यात एक शिस्त असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे बिघाड सापडतो. मी वायर बदलली. सीडी बदलली. टीव्ही बदलला. कन्सोल सरळ करून पाहिला, उलटा करून पाहिला. गाडी धुणाऱ्या शेजाऱ्याला आणून समोर बसवलं. गेम चालला. आई येऊन बसली. गेम चालला.

मग बाबांना बोलावलं.

कट्.

बाहेर पाठवलं, सुरू. आत घेतलं, बंद. फरक एकाच गोष्टीचा होता, आणि ती गोष्ट माझे वडील होते.

मी मोबाइलवर गेमचा व्हिडिओ काढला आणि आत नेऊन बाबांच्या डोळ्यांजवळ धरला. आवाज येत होता. चित्र... सगळं काळं. त्यांची नजर म्हणावी, तर मलाही काळंच दिसत होतं. दुकानात येऊन पुन्हा लावला, तर चित्र नीट होतं.

तोवर बाबांना कळलं होतं. ते दुकानाच्या घराकडच्या दाराबाहेर खुर्चीवर बसले. बंद दाराशी बोलले. "चुकलं माझं. एकदा बघू दे रे. मग मला दिसायचं नाही."

बाबांना माफी मागताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी दार उघडलं.

कट्.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, दादा, सोडू नकोस त्यांना.

"रागावलाय तो," बाबा म्हणाले.

आई इतका वेळ गप्प होती. तशी ती जन्मभरच गप्प होती. ती म्हणाली, "रागावलेला नाही. तुमची चाहूल लागली की तो घाईघाईनं खेळ बंद करायचा. तो अजून तुम्हाला घाबरतोय."

माझं बरं वाटणं तिथेच संपलं.

बाबांनी चपला काढल्या. अनवाणी, भिंत धरून, आवाज न करता आत आले...

कट्.

आता बाबांना काहीच दिसत नाही. संध्याकाळी ते दाराबाहेर बसतात. आत मी खेळतो आणि पडद्यावर काय चाललंय ते मोठ्यानं सांगतो. खोकला आला की ते तोंडावर हात दाबून धरतात. ज्याचा साऱ्या घरावर दरारा होता, तो माणूस आता दबकून बसतो.

परवा त्यांना ठसका आवरला नाही. सीडी थांबली. दाराबाहेर बाबा एकदम गप्प झाले. आणि आत, माझ्या अगदी शेजारी... कुणीतरी श्वास रोखून धरलेला होता.

मी मधे कंट्रोलर धरून बसून राहिलो. कुणाला काय सांगावं, मला अजून कळत नाही.