आईचे चोवीस, काकांचे चोवीस

दोन माणसांचा आजार एकच, आकडाही सारखाच, चोवीस. मग त्यातला एक माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात शतपावली घालतो आणि दुसऱ्याला उशीवरून मान उचलवत नाही, असं का?

फलटणच्या शलाकाला हे कोडं दोन आठवडे छळत होतं. ती सहावीत होती. वर्गात कोणाला विचारायचं म्हणजे आधी आईची सगळी कहाणी सांगायला हवी, आणि ती तिला सांगायची नव्हती.

कहाणी तशी साधी होती. आईला लहानपणी कधीतरी, बहुधा नीट न उकळलेल्या सुईतून, हेपटायटिस बी झाला होता. त्याचा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं मुकाट बसून राहिला. यकृताला जखमा होत राहिल्या, त्या भरत राहिल्या आणि भरलेल्या जागी व्रण साचत गेले. शेवटी झाला सिरोसिस (व्रणांनी भरून यकृत कडक होणं). आता आईला नवं यकृत हवं होतं. मरण पावलेल्या एखाद्या माणसाचे घरचे लोक ते दान करतात. ते कोणाला द्यायचं, हे प्रतीक्षायादीवरून ठरतं. प्रत्येक रुग्णाला एक आकडा असतो. आजार जितका वाढलेला, तितका आकडा मोठा, आणि ज्याचा आकडा मोठा त्याचा नंबर आधी.

चार महिने झाले, आई पुण्याला दवाखान्यात होती. भेटायची परवानगी नव्हती. हेपटायटिस बी हात लावून किंवा एका ताटात जेवून होत नाही, हे शलाकाला पाठ होतं. पण आईला साधी सर्दीसुद्धा सोसली नसती, म्हणून भेट बंद. रोज संध्याकाळी पाच वाजता स्क्रीनवर दहा मिनिटं बोलायचं, एवढंच. बोलता बोलता आईचा डोळा लागायचा. मग शलाका गप्प बसून तिच्याकडे बघत राहायची, आपोआप फोन बंद होईपर्यंत. तिला आई हवी होती. स्क्रीनवरची नको, हात लावता येईल अशी.

आईच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात देशमाने काका फेऱ्या मारायचे. त्यांनाही हेपटायटिस बी, त्यांनाही सिरोसिस. स्क्रीनवर शलाका दिसली की खोलीच्या काचेतून हात हलवायचे. भला माणूस. पण त्यांना चालताना बघितलं की शलाका नजर दुसरीकडे वळवायची.

शेवटी तिने सोबतीला विचारलं. सोबती म्हणजे दवाखान्याने प्रत्येक रुग्णाच्या घरी दिलेला यंत्रमानव. गुडघ्याएवढा, तीन चाकांचा, उंबऱ्याशी हमखास अडकणारा. विचारल्याशिवाय तो काही सांगत नसे, आणि विचारलं तर खोटं बोलत नसे.

"आकडा चार गोष्टींवरून काढतात," सोबती म्हणाला. "त्यातली एक म्हणजे मूत्रपिंडं. यकृत थकलं की तीही थकतात."

"थकली हे कसं कळतं?"

"रक्तातल्या क्रिएटिनिनवरून (स्नायूंमध्ये सतत तयार होणारा टाकाऊ पदार्थ). मूत्रपिंडं ते गाळून बाहेर टाकतात. गाळणं मंदावलं की ते रक्तात साचतं. जास्त साचलं की आकडा वाढतो."

शलाकाने विचार केला. "मोरीची जाळी तुंबली की पाणी साचतं, तसं?"

"तसंच. आता सांग, मोरीत पाणीच कमी सोडलं तर?"

"तर जाळी तुंबलेली असली तरी पाणी थोडंच साचेल."

"बायकांच्या अंगात स्नायू सहसा पुरुषांपेक्षा कमी असतात. त्यामुळे क्रिएटिनिनही कमी तयार होतं."

शलाका उठून उभी राहिली. "म्हणजे दोघांचं पाणी सारखंच दिसतंय, पण आईची जाळी जास्त तुंबलीय."

"बहुतेक हो."

"पण काका आईपेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. मग ते इतक्या लवकर आजारी कसे पडले?"

"तो दुसरा फरक. या आजारात पुरुषांचं यकृत सहसा लवकर कडक होतं. बायकांना इस्ट्रोजेन (बायकांच्या शरीरात जास्त असणारं संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारं द्रव्य) बरीच वर्षं सांभाळून घेतं, असं शास्त्रज्ञांना वाटतं. पन्नाशीच्या आसपास ते कमी होतं, मग बायकांचे व्रणही भराभर वाढतात. सगळ्यांचं असंच होतं असं मात्र नाही. आणि आकडा काढायचं नवं सूत्रही निघालंय. त्यात स्नायूंचा हा फरक धरलेला आहे. आपल्या यादीला अजून जुनंच लावतात. फेरमोजणीचा अर्ज करता येतो."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलं नाही."

शलाकाने त्याला लाथच मारली असती, पण खुर्चीतले आजोबा बोलले. नरहर आजोबा म्हणजे आईचे वडील. चौतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचा तराजू तपासायला गेले तर त्याच्याकडचा चहासुद्धा घेत नसत. आकड्यावर त्यांचा भारी विश्वास. 'माप सगळ्यांना एकच, आपला नंबर आला की मिळेल,' असं आईला त्यांनीच सांगितलं होतं.

"अर्जबिर्ज काही नाही," ते म्हणाले. "माझ्या मुलीला वेगळं माप लावा म्हणू? हा वशिला झाला."

"आजोबा, ती मान उचलत नाही."

रात्री जेवणात आजोबांचं लक्ष नव्हतं. ताक वाढून घेतलं आणि तसंच ठेवलं. हात धुऊन आल्यावर मात्र ते शलाकासमोर पाटावर बसले.

"एकदा मी एका सराफाचा तराजू जप्त केला होता," ते म्हणाले. "तराजू खोटा नव्हता. आमच्याच खात्याचा शिक्का होता त्यावर. पण होता भाजीवाल्याचा. कांद्यात दोन ग्रॅम इकडेतिकडे झाले तर चालतं. अंगठीत चालतं का? तो सराफ ओरडत होता, शिक्का आहे साहेब, शिक्का आहे. मी म्हटलं, शिक्का आहे, पण हा तराजू या कामाचा नाही." त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "चार महिने मी त्या सराफासारखा बोलतोय, पोरी. चूक झाली माझी."

त्यांनी अर्ज लिहायला घेतला. अक्षर टपोरं, एकही खाडाखोड नाही. शलाका खांद्यावरून वाचत होती. शेवटच्या ओळीला ती चपापली.

"'यादीतल्या प्रत्येक स्त्री रुग्णाची फेरमोजणी व्हावी'? आजोबा, फक्त आईचं लिहा ना. आईच्या पुढे बारामतीच्या एक बाई आहेत. सगळ्यांचे आकडे वाढले तर त्या पुढेच राहतील."

"राहतील."

"मग?"

"तराजू एका गिऱ्हाइकापुरता दुरुस्त करत नाहीत." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मलाही ती घरी हवीय गं."

यादी ठरवणाऱ्या समितीने पंधरा दिवस घेतले आणि संपूर्ण यादीला नवं सूत्र लावलं. आई सहावीवरून दुसरी झाली. देशमाने काका मागे सरकून सातवे झाले. पुढच्या गुरुवारी एक यकृत आलं आणि ते बारामतीच्या बाईंना मिळालं.

शलाका पूर्ण दिवस आजोबांशी बोलली नाही. फक्त आईचा अर्ज केला असता, तर तिला आज नवं यकृत मिळालं असतं. हा हिशोब तिच्या डोक्यातून जाईना.

पाच वाजता स्क्रीन लागला. "त्या बाईंचं ऑपरेशन नीट झालं," आई हळू आवाजात म्हणाली. "आता माझ्यापुढे कोणी नाही, शलू. आणि आजोबांवर रुसू नकोस. अर्जातली ती ओळ मी वाचली. आवडली मला." काचेपलीकडे देशमाने काका आले. त्यांनी रोजच्यासारखाच हात हलवला. शलाकाने पहिल्यांदाच दोन्ही हात हलवले.

फोन बंद झाल्यावर ती सोबतीजवळ बसली. "यकृत कधी येईल?"

"ते मला ठाऊक नाही."

"बरं. नवं यकृत बसवल्यावर आईला मिठी कधी मारता येईल?"

"ते ठाऊक आहे. जखम भरत आली असेल, डॉक्टरांनी हो म्हटलं असेल आणि तुला सर्दीखोकला नसेल, तर काही आठवड्यांत. पण अगदी हलके."

"हलके म्हणजे किती?"

सोबतीला शब्दांत सांगता येईना. शलाका उठली. तिने खुर्चीतल्या आजोबांना हाताला धरून उभं केलं आणि त्यांच्या पोटाभोवती हात टाकले. आजोबा अवघडून उभे राहिले, मग त्यांनी तिच्या डोक्यावर हनुवटी टेकली.

सोबती दोघांभोवती एक चक्कर मारून आला.

"अजून हलके," तो म्हणाला.