बिघाडाचं कारण

"गिअर म्हणजे कसा असतो ताई, रुसक्या माणसासारखा. गोडीने घ्यावा लागतो," व्हरांड्यात बसलेले सासरे शेजारच्या बाईंना समजावून सांगत होते. "आमच्या सूनबाईंनी काय केलं, तर गाडी पुढे पळत असताना खाडकन मागचा गिअर टाकला. मग राहतोय का गिअरबॉक्स? तुम्हीच सांगा."

आणि आत, चहाचे दोन कप घेऊन दाराआड उभी असलेली त्यांची सून चहावर साय धरेपर्यंत तशीच उभी राहिली. बाहेर जायचं तर आधी चेहरा ठीकठाक करायला हवा होता, आणि गेले नऊ दिवस तेवढं एक काम तिला काही केल्या जमत नव्हतं... गिअरबॉक्स तिने घालवलाच नव्हता! तो ज्यांनी घालवला ते समोर वेताच्या खुर्चीत बसून, हातातली काठी गिअरसारखी पुढे-मागे करत शेजारणीला धडे देत होते, आणि हे आपल्याच हातून झालंय याचा त्या भल्या माणसाला पत्ताही नव्हता. तो लागू नये म्हणूनच तर तिने सगळं आपल्या अंगावर ओढून घेतलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. इथे तोंड मात्र तिने स्वतःच्याच हाताने दाबलं होतं.

"बाबा, चहा."

"आलीच बघा ती. विचारा तिलाच."

"हो ताई, माझीच चूक झाली," ती म्हणाली आणि कप ठेवून आत वळली. डोळे तिने स्वयंपाकघरात जाऊन पुसले.

सासऱ्यांनी छत्तीस वर्षं शहराची बस चालवली होती. निवृत्त झाल्यावरही घरातली गाडी तेच चालवत, सुनेला कामावरही तेच सोडत. पण गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला, परवान्याचं नूतनीकरण नाकारलं गेलं, आणि गाडीची किल्ली त्यांनी एका शब्दाशिवाय सुनेच्या हातात ठेवली. तेवढं त्यांनी पचवलं असतं. पण त्यानंतर पंधराच दिवसांनी पाण्याच्या पंपाची घरघर थांबवायला ते पाना घेऊन बसले आणि मोटर जळाली. तिचा नवरा, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, औषधांच्या कंपनीत विक्रीचं काम करायचा. मनाने माणूस वाईट नव्हता, पण घरी आला की त्याच्या जिभेला हाड राहत नसे. तो भर जेवणात म्हणाला, "बाबा, आता तुम्ही कशालाच हात लावत जाऊ नका. तुमचा हात लागला की वस्तू मरते."

म्हाताऱ्याने ताटावरून उठून हात धुतले ते तीन दिवस खोलीबाहेर आले नाहीत. आले ते वेगळेच होऊन. व्हरांड्यातला दिवा लावायचा तरी सुनेला विचारायचे, "लावू का गं?" तो प्रश्न ऐकला की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं... ज्या माणसाच्या भरवशावर रोज हजार माणसं डुलक्या काढत घरी पोचली, त्याने दिव्याच्या बटणासाठी परवानगी मागावी!

ती स्वतः अपघातात नाहीतर आजारात पाय गमावलेल्यांना कृत्रिम पाय बसवण्याचं काम करायची. उरलेल्या मांडीवर ओलं प्लास्टर गुंडाळून साचा घ्यायचा, त्यावरून पाय घडवायचा, आणि मग माणसाला दोन कठड्यांच्या मधे उभं करून पहिलं पाऊल टाकायला लावायचं. ते केंद्र शहराबाहेर अठरा किलोमीटरवर, शेवटच्या बसथांब्याच्याही पलीकडे होतं. म्हणून तर तिने आपल्या पगारातून ही गाडी घेतली होती. ऑटोमॅटिक, क्लच नाही, दर वळणावर गिअर बदलण्याची कटकट नाही.

त्या दुपारी केंद्राच्या आवारात गाडी सुरूच होईना. बॅटरीने मान टाकली होती. नवरा दौऱ्यावर गेलेला. तिने घरी फोन लावला आणि सहज विचारलं, "बाबा, गाडी सुरू होत नाहीये. काय करू?"

"तू तुझं काम कर," पलीकडून आवाज आला, आणि तो आवाज वर्षभरात तिने ऐकला नव्हता. "मी येतो."

ते आले. डेपोतल्या जुन्या दोस्ताचा टेम्पो आणि एक जाडजूड दोर घेऊन आले. ती तेव्हा एका आजीबाईंच्या पायाचा साचा घेत होती, कोपरापर्यंत प्लास्टरने माखलेली. त्यांनीच तिच्या एप्रनच्या खिशातून किल्ली काढून घेतली, गाडी टेम्पोला बांधली, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि अठरा किलोमीटर ओढत घरी आणली. परवाना? तो मुद्दा तिलाही तेव्हा सुचला नाही. संध्याकाळी जेवताना त्यांनी ती कहाणी तीन वेळा सांगितली, दर वेळी रस्त्यावरची गर्दी थोडी वाढवून. पोटभर जेवले, आणि उठून कुणालाही न विचारता व्हरांड्यातला दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी बसवली. गाडी धावू लागली. चौथ्या दिवशी हिसके द्यायला लागली, आणि सातव्या दिवशी भर चौकात इंजिन नुसतंच बोंबलत राहिलं, गाडी जागची हलेना.

वॉरंटी संपून एकोणीस दिवस झाले होते. नवरा दौऱ्यावरून परतला तो तसाच तिला घेऊन सर्व्हिस सेंटरवर गेला, भांडला, विनवण्या केल्या. पण सगळं वरातीमागून घोडं. गिअरबॉक्स दुरुस्त होणार नव्हता, पूर्ण बदलावा लागणार होता, आणि नव्याची किंमत ऐकून नवऱ्याने शेजारची खुर्ची ओढली आणि बसला. शेवटी तिथल्या मॅनेजरने एक फॉर्म पुढे केला. बिघाड वापरणाऱ्याच्या चुकीने झाला नसेल तर कंपनी वॉरंटीनंतरही थोडा भार उचलते म्हणे. फॉर्मवर सगळ्यात खाली एक रकाना होता: बिघाडाचं कारण.

नवरा सर्व्हिसिंगच्या जुन्या पावत्या आणायला बाहेर गेला, तेव्हा फोरमन तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, ही गाडी कुणी दोर लावून ओढली होती का?"

"हो. का?"

"जुनी गाडी न्यूट्रलला टाकून गावभर ओढा, काही होत नाही. हिचं तसं नाही. इंजिन बंद असलं की हिच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नाही, आणि चाकं तर फिरत राहतात. आतल्या आत सगळं कोरडं घासून जळतं."

तिच्या डोळ्यांसमोर आलं ते एकच... ताटावरून उठलेले बाबा. आणि नवऱ्याचं ते वाक्य. या खेपेला ते वाक्य खरं ठरणार होतं, आणि मग हा माणूस त्या खोलीतून परत बाहेर येणार नव्हता.

"हे लिहिलं तर कंपनी काही देईल?"

"नाही. चूक वापरणाऱ्याचीच धरणार."

"आणि चालत्या गाडीत मी रिव्हर्स टाकला, असं लिहिलं तर?"

"तरी नाही. पण ताई, तसं झालेलं नाही."

"दोन्हीकडून मिळणार काहीच नाही ना? मग कुणाची चूक लिहायची ते मला ठरवू द्या, दादा. तुम्ही फक्त गप्प राहा."

तिने लिहिलं, खाली सही केली. पावत्या घेऊन आलेल्या नवऱ्याने ते वाचलं आणि पावत्या तशाच पिशवीत कोंबल्या. घराच्या दारात तो म्हणाला, "इतकी बेफिकीर असशील असं वाटलं नव्हतं." आणि मग, चपला काढता काढता, "ती गाडी आता भंगारवाल्याला देऊन टाकू, गिअरबॉक्सशिवाय दुसरं कोण घेणार? तुझ्या तिकडच्या कामाचंही बघ आता. जाणार कशाने?"

रोज भाड्याची गाडी करायची तर पगार रस्त्यातच संपला असता. तिने केंद्रात सांगून टाकलं, महिनाअखेरीला थांबते. त्या आजीबाईंचा पाय अजून घडायचा होता. पहिलं पाऊल त्या दुसऱ्याच कुणाचा तरी हात धरून टाकणार होत्या, या विचाराने ती दिवसभर कासावीस होत होती आणि कुणाजवळ बोलूही शकत नव्हती.

शेजारणीला धडे दिले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासरे कपडे करून तयार. "चल, त्या वर्कशॉपवर जाऊ. मी बघतो काय बसवता येतं ते."

"बाबा, नको. ते लोक सांगून चुकलेत."

"तुझी नोकरी जातेय माझ्या डोळ्यांदेखत. मी तुला चार माणसांत बोललो ते बोललो, पण म्हणून खुर्चीत बसून राहू?"

काय करणार होती ती? थांबवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

गिअरबॉक्स टेबलावर उघडून ठेवला होता. फोरमनने तिच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. सासऱ्यांनी चष्मा सारखा केला, ट्रेमधल्या काळ्या तेलात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळलं, हुंगलं. मग वाकून एकेक चकती उलटी-सुलटी करून पाहिली. कितीतरी वेळ.

"गिअर चुकीचा टाकला तर दात तुटतात," ते फोरमनला म्हणाले. "इथे दात तर शाबूत आहेत. हे नुसतं जळलंय, कोरडं. म्हणजे तेल फिरत नव्हतं. म्हणजे इंजिन बंद, आणि चाकं तर..."

वाक्य तिथेच थांबलं. त्यांनी फोरमनकडे पाहिलं. तो हातातला पाना पुसत राहिला. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि तिने मान खाली घातली. खिशातला रुमाल काढून ते तेच एक बोट पुसत राहिले, पुसत राहिले... तेल केव्हाच निघालं होतं.

बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. चार थांबे गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून."

"डेपोत एक वही असायची. ड्यूटी संपली की ज्याच्या हातून गाडीला काही झालं, त्याने स्वतःच्या अक्षरात लिहायचं आणि खाली सही करायची. छत्तीस वर्षांत माझ्या चार सह्या आहेत त्या वहीत." त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "अभिमानाच्या नाहीत, पण माझ्या आहेत. पोरी, तू मला माझी चूकसुद्धा ठेवू दिली नाहीस?"

ती भरल्या बसमध्ये तोंडाला पदर लावून रडली. दहा दिवस तिला वाटत होतं, आपण यांना वाचवतोय. आणि खरं तर तिनेही तेच केलं होतं जे तिच्या नवऱ्याने केलं... याला आता काही झेपणार नाही असं परस्पर ठरवून टाकलं. एकाने ते तोडून ठरवलं, दुसरीने मायेने, आणि म्हाताऱ्याच्या वाट्याला दोन्हीकडून रिकामे हात आले.

संध्याकाळी नवरा घरात शिरला तेव्हा सासरे उभे होते.

"गाडी माझ्या हातून गेली," ते म्हणाले. "ओढून आणली तेव्हाच. हिचा काही दोष नाही."

"बाबा, तिला पाठीशी घालू नका," नवरा थकून म्हणाला. "तिने स्वतः लिहून दिलंय."

म्हाताऱ्याच्या कबुलीलाही आता घरात किंमत नव्हती. ती मिळवून देणं एकट्या तिच्याच हातात होतं, आणि दहा दिवस जिवापाड जपलेलं ते खोटं तिला आता स्वतःच मोडायचं होतं.

"बाबा खरं सांगतायत," ती म्हणाली. "मी खोटं लिहिलं."

"पण का?"

"तुमच्या बोलण्याची भीती वाटली. माझ्यासाठी नाही... त्यांच्यासाठी."

नवऱ्याच्या हातातली बॅग हळूच खाली टेकली. तो आपल्या बापासमोर जमिनीवरच बसला. "पंपाच्या वेळी मी जे बोललो..." तो म्हणाला. सासऱ्यांनी नुसता हात हलवला, राहू दे म्हणून.

काही बदललं नव्हतं. येत्या सोमवारी भंगारवाला यायचा तो येणारच होता, आणि महिनाअखेरीला तिला घरी बसायचं होतं. तिघांनाही ते ठाऊक होतं आणि तिघांच्याही हाती काही नव्हतं.

"सांगा ना बाबा," नवरा खालच्या आवाजात म्हणाला. "कशी आणलीत गाडी? मी ऐकलंच नाही कधी."

मग त्यांनी चौथ्यांदा ते सांगितलं. या खेपेला रस्त्यावरची गर्दी वाढली नाही, टेम्पोचा वेगही वाढला नाही. कारखान्याच्या वळणापर्यंत ते आले आणि अडखळले. "तिथून पुढे आतून आवाज यायला लागला. बारीक घरघर. थोडा वासही येत होता जळका."

"मग थांबला का नाहीत?" नवऱ्याने विचारलं. पण विचारताना आज त्याच्या आवाजात धार नव्हती.

सासरे आपल्या हातांकडे बघत राहिले.

"थांबायला हवं, हे कळत होतं रे," ते म्हणाले. "पण किती दिवसांनी कुणीतरी मला बोलावलं होतं."