एका खात्यात पाच घरं

वेबसाइट गेल्याचं कळलं तो रविवार होता. उपासनेहून घरी आल्यावर स्टीफनरावांनी कोट खुंटीला अडकवला, चष्मा पुसला आणि रोजच्यासारखा मोबाईल उघडला. मग तो बंद करून पुन्हा उघडला.

"पप्पा, ताट वाढलंय," आराधना आतून म्हणाली.

"तुझी आई दिसत नाहीये."

आराधनाच्या हातातला चमचा जागीच थांबला. तिची आई, रेबेकाबाई, ईस्टरच्या आधी वारल्या होत्या, आणि आता नाताळ तोंडावर आला होता. ती बाहेर आली. पप्पांच्या मोबाईलवर पांढरं पान होतं आणि त्यावर एकच ओळ होती, हे खातं बंद करण्यात आलं आहे.

रेबेकाबाई शाळेतून निवृत्त झाल्यावर कोल्हारात वधू-वर सूचक केंद्र चालवायच्या. त्याची वेबसाइट होती आणि प्रत्येक स्थळाखाली बाईंनी स्वतः दोन ओळी लिहिल्या होत्या. 'मुलगी हुशार. स्वयंपाक येत नाही, शिकेल असंही वाटत नाही.' 'मुलाला शेती चार एकर. बोलतो चाळीस एकराचं.' लोक चिडायचे, पण लग्नं जमायची. बाईंना घरात कागद साठवायची सवय नव्हती. त्यामुळे त्यांचं लिहिलेलं म्हणून जे काही उरलं होतं, ते त्या वेबसाइटवरच होतं. स्टीफनराव जेवणाआधी त्यातली चार-दोन स्थळं वाचायचे, कधी गालात हसायचे, आणि मग ताटावर बसायचे.

त्या रविवारी ते जेवले, पण काय जेवले ते त्यांना सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती शिकवायची ती शाळा सुटल्यावर आराधना थेट वेबसाइटवाल्याकडे गेली. आई त्याच्याबद्दल बोलायची, पण आराधना तेव्हा पुण्याला नोकरीला होती, त्यामुळे तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. नगर-मनमाड रस्त्याला, रसवंती आणि पंक्चरच्या दुकानाच्या मधे त्याचा गाळा होता. आत एक उंच, सडपातळ तरुण मीठ लावून पेरू खात होता.

"शांतवन तुम्हीच ना? वेबसाइट करणारे?"

"हो. कोणती वेबसाइट?"

"गेलेली."

त्यानं पेरू पाठीमागे लपवला आणि उभा राहिला. "सगळ्याच गेल्यात, मॅडम."

तेवढ्यात रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला. मागे दोन ट्रॉल्या आणि वर कर्णा. गाणं पुलापर्यंत पोचेतो दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. त्याचे डोळे तांबारले होते. रात्रभर जागला असावा, असं तिला वाटलं. आपल्याला याची दया का यावी, हे मात्र तिला कळेना.

"मी रेबेकाबाईंची मुलगी. सगळ्या म्हणजे?" तिनं विचारलं.

"पाच. तुमच्या आईंची, केकच्या दुकानाची, बँडवाल्यांची, पुंजारामकाकांच्या शेळ्यांची आणि माझी. डोमेन म्हणजे नावं पाच, पण होस्टिंग एकाच खात्यात होतं. पाच कुटुंबं एका घरात, असं समजा. स्वस्त पडतं."

"मग?"

"घराला कुलूप लागलं."

"कुणामुळं?"

"शेळ्यांमुळं," तो म्हणाला आणि खाली बघू लागला. "चला, दाखवतोच."

पुंजारामांचा गोठा ओढ्याच्या कडेला होता. भिंतीवर लसीकरणाच्या तारखा ऑइलपेंटनं लिहिल्या होत्या आणि त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, खात्याचं नाव आणि पासवर्ड. पुंजारामांनी शेळ्यांचा व्हिडिओ काढून तो सगळ्या जगाला पाठवला होता. शेळ्या छान आल्या होत्या. भिंत त्याहून छान आली होती. मग कुणीतरी आत शिरलं, त्या खात्यातून भलभलत्या मेल सोडल्या आणि होस्टिंग कंपनीनं अख्खं खातं बंद केलं.

"इसरतोय म्हनून लिवलं," पुंजाराम म्हणाले. "त्यात काय वंगाळ केलं? तुमी तरी सांगा, बाई."

"पण तो पासवर्ड आमच्याही वेबसाइटचा होता," आराधना म्हणाली.

"एकच खातं, म्हणून एकच चावी," शांतवन पुटपुटला. "ती मी पाचही जणांना दिली होती."

"आणि अक्कल कुणाला दिली?"

"ते... आठवत नाही."

तिला हसू आलं. ते दिसू नये म्हणून ती एका करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग वर न बघता तिनं विचारलं, "आईचं लिहिलेलं परत येईल का?"

त्यानं दुसऱ्या करडाच्या गळ्यातली दोरी नीट केली.

"माझ्याकडं सगळ्याची प्रत होती."

"कुठं?"

"त्याच खात्यात."

आता मात्र तिनं वर पाहिलं. त्या नजरेसमोर उभं राहण्यापेक्षा बोकडाची टक्कर परवडली असती.

"कंपनीकडं जुनी प्रत असू शकते," तो घाईनं म्हणाला. "मी त्यांना सारखा लिहितोय. नाही मिळाली तर... तर काय करायचं ते मला माहीत नाही. खोटं सांगत नाही."

"आईनं तुमच्याबद्दलही लिहिलं होतं. तुमचं स्थळ वाचलंय मी."

त्याचे कान लाल झाले. "स्वभाव गोड, कामात हुशार. वेळेवर येईल अशी अपेक्षा ठेवू नये," त्यानं स्वतःच म्हणून दाखवलं. "मीच टाइप केलं ते. एक अक्षर बदललं नाही."

त्यानंतर तो रोज संध्याकाळी घरी येऊ लागला. सहाला येतो म्हणायचा आणि सातला यायचा. कंपनीचं काय उत्तर आलं ते सांगायचा, म्हणजे नाही आलं हे सांगायचा. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तसं कुणी सुचवलं नाही. स्टीफनराव त्याला करंज्यांच्या सारणासाठी खोबरं किसायला बसवायचे. तो किसायचा आणि आराधना त्याच्या बोटांकडे बघायची. त्यानं बघितलं की ती किसणीकडे बघायची.

"जाड किसताय," ती म्हणायची.

"तुम्ही बघितलं की जाड होतं."

"मग नको बघू?"

"बघा. जाड खोबरं पण चालतं... असं ऐकलंय."

आणि एका सकाळी वेबसाइट परत आली. स्टीफनरावांनी घाईनं उघडली. बघतात तर वधू-वर सूचक केंद्राच्या पत्त्यावर काळ्याभोर शेळ्या उभ्या, खाली पुंजारामांचा नंबर. कंपनीनं जुनी प्रत दिली होती. शांतवननं रात्रभर जागून पाची घरं पुन्हा लावली होती आणि झोपेच्या गुंगीत रेबेकाबाईंचं डोमेन शेळ्यांच्या फोल्डरला जोडलं होतं.

हे निस्तरायला तो आला तेव्हा त्याच्या मागोमाग पुंजारामही आले, चांगलेच तापलेले.

"सकाळधरनं बायांचं फोन येत्यात मला," ते ओसरीवर बसत म्हणाले. "एक म्हनली, बघायला कवा येऊ? म्या म्हनलं, कवाबी या, येताना दोरी आना."

स्टीफनरावांनी चष्मा काढला.

"ती म्हनली, रंग कसा हाय? म्या म्हनलं, काळा कुळकुळीत. ती म्हनली, चालंल, सोभाव? म्या म्हनलं, गरीब हाय, शिंगं बी न्हाईत. नव्या घरी दोन दिस वरडंल, चारा कमी खाईल, मंग रुळंल."

"मग?" आराधनाला धीर धरवेना.

"मंग ती म्हनली, मुलाला पसंत पडली पायजे. म्या म्हनलं, मुलाला कशाला इचारता, वजन बघून घ्या."

स्टीफनराव हसले. आधी खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी आलं, मग ते खांबाला धरून हसले. आराधनानं पप्पांना असं हसताना ईस्टरपासून पाहिलं नव्हतं. तिनं शांतवनकडे पाहिलं. तो लॅपटॉपवर बोटं ठेवून पप्पांकडेच बघत होता, आणि त्याचा चेहरा असा होता की... तिनं पटकन पाण्याचा तांब्या उचलला आणि आत गेली.

"झालं," थोड्या वेळानं तो म्हणाला. आवाज जरा चाचरला. "पण ही प्रत जुनी आहे."

तिघांनी वाकून पाहिलं. सगळी स्थळं होती, सगळ्या ओळी होत्या. वर रेबेकाबाईंचा हसरा फोटो होता. 'बाई आता आपल्यात नाहीत, चौकशी आराधनाकडे करावी' ही नंतर घातलेली ओळ मात्र नव्हती. त्या जागी बाईंचा नंबर होता आणि खाली त्यांचीच सूचना. 'दोन ते चार फोन करू नये, मी झोपते.'

"नंबर आत्ता बदलतो," शांतवन म्हणाला.

"राहू दे आजच्या दिवस," स्टीफनराव म्हणाले.

बाईंचा फोन कपाटात होता. स्टीफनराव तो चार्ज करून ठेवायचे, पण आराधनाचा नंबर लागल्यापासून तो कधी वाजला नव्हता. दुसऱ्या दिवशी तीन वाजता तो वाजला. स्टीफनरावांनी तो दोन्ही हातांनी उचलला. "दोन ते चार फोन करू नये असं लिहिलंय ना?" ते दरडावले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई वारल्या हो. पण तुम्ही बोला, मी ऐकतो." आणि पाऊण तास बोलत राहिले.

पुढच्या आठवड्यात शांतवननं पाची वेबसाइट वेगवेगळ्या खात्यांत हलवल्या. पाच खाती, पाच पासवर्ड, प्रती तिसऱ्याच ठिकाणी. सगळं सांगून झालं तरी तो ओसरीवरून उठेना.

"आता एकाला ताप आला तरी बाकीचे अंथरूण धरणार नाहीत," तो म्हणाला.

"चांगलं केलंत."

"सगळ्यांना वेगळं केलं मी. पण मला स्वतःला... वेगळं राहायचं नाही. म्हणजे तुमची हरकत नसेल तर. म्हणजे तुझी."

आराधनानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"रविवारी साडेआठला उपासना असते," ती म्हणाली. "वेळेवर आलास तर सांगते."

रविवारी ती आठला पोचली. चर्चचं दार अजून बंद होतं आणि शांतवन इस्त्रीच्या शर्टात पायरीवर कुडकुडत बसला होता. बराच वेळ बसला असावा, कारण पायरीवरचं कुत्रं त्याच्या बुटावर डोकं ठेवून झोपलं होतं.

"आईचं चुकलं म्हणायचं," ती म्हणाली.

"नाही, त्यांचं बरोबर आहे. रात्री झोपच लागली नाही, म्हणून आलो."

ती त्याच्या शेजारी बसली. "एक घर चालेल मला," ती म्हणाली. "खातं मात्र वेगळं. आणि पासवर्ड मी भिंतीवर लिहिणार नाही."

आता लग्नाआधीच्या रिवाजाप्रमाणे दर रविवारी उपासनेत दोघांची नावं पुकारतात. शांतवननं आपलं स्थळ वेबसाइटवरून काढलं. पुंजारामांनी भिंतीला चुना लावला. स्टीफनराव रोज फोनवर स्थळं सांगतात, आणि दोन ते चार कुणी फोन केला तर रागावतात. नंबर कधी बदलणार असं आराधना विचारते, तेव्हा शांतवन उद्या करतो म्हणतो, आणि तीही पुढं काही म्हणत नाही.

वेबसाइटवर अजून रेबेकाबाईंचाच नंबर आहे. तो बदलायचा राहिला आहे.